दोरावरच्या दोघी

लालबागच्या आमच्या चाळीत बर्फ म्हणजे बाजारात पापलेटांच्या खाली पसरलेला चुरा, नाहीतर लाकडाच्या भुशात गुंडाळून हातगाडीवरून जाणारी लांबडी लादी. तिचा एखादा तुकडा रस्त्यात पडला, तर आम्ही पोरं तो फ्रॉकच्या ओच्यात धरून पळायचो, आणि घरी पोचेपर्यंत फ्रॉक ओला, बर्फ गायब. त्यामुळे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मी घरी म्हटलं, की मला हिमालयात बर्फावर चढायला शिकायला जायचंय, तेव्हा बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि चेष्टा न करता, अगदी मनापासून विचारलं, "त्यात शिकायचं काय असतं?" मी म्हणाले, "हातात कुऱ्हाड घेऊन चालायचं असतं." बाबांनी आईकडे बघितलं. आई भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. बाबांनी पेपर परत उचलला. गिरणी बंद पडल्यापासून ते एका पतपेढीत शिपाई होते आणि न कळणाऱ्या गोष्टींवर हुज्जत घालायची नाही, असं त्यांचं ठरून गेलं होतं.

आई डंखावर काम करायची. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात मिरच्या कुटायची यंत्रं असतात, त्यांना डंख म्हणतात. जाड लोखंडी मुसळं एकामागून एक वर जातात आणि धप्पकन खाली येतात, दिवसभर. आमची खोली बाजाराच्या मागच्या अंगाला होती, त्यामुळे तो आवाज आम्हाला ऐकूच यायचा नाही. बंद पडला की ऐकू यायचा. एप्रिल-मे म्हणजे मसाल्याचा हंगाम. गिरगावापासून पार विरारपर्यंतच्या बायका वर्षाचा मसाला करून घ्यायला यायच्या. आमच्या गच्चीवर बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या चादरींवर वाळत पडलेल्या असायच्या आणि घरात धणे, खोबरं, दगडफूल भाजल्याचा वास. तो वास आईच्या साडीला, आमच्या उशांना, माझ्या कॉलेजच्या पुस्तकांनासुद्धा होता. नवीन पाहुणा दारात आला की आधी शिंकायचा आणि मग नमस्कार करायचा. मी सुट्टीत आईच्या हाताखाली मिरच्यांची देठं काढायला बसायचे. संध्याकाळी हातांची अशी आग व्हायची, की जेवताना चमचा धरायला लागायचा. आई मात्र त्याच हातांनी बांगड्याचं तिखलं करायची, त्याच हातांनी आमच्या डोक्यावर तेल थापायची. तिच्या हातांना काही होत नसे, की ती सांगत नसे, कोण जाणे.

मला खरंच जायचं होतं का, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता साठी उलटून गेली, तरी कळलेलं नाही. जायचं होतं अनघाला. अनघा माझी कॉलेजातली मैत्रीण. दादरच्या हिंदू कॉलनीत राहायची, वडील बँकेत, घरात पुस्तकांची कपाटं, आणि बोलणं असं, की वाक्य सुरू केलं की शेवटपर्यंत नीट न्यायची. ती मला पहिल्यांदा सह्याद्रीत चढायला घेऊन गेली. तिच्या ओळखीतल्या काही मुलामुलींचा गट होता, ते रविवारी कातळावर दोर लावून चढायचे. मी का गेले, तर ती चल म्हणाली म्हणून. पण चढायला लागले आणि लक्षात आलं, की मला भीती वाटत नाही. भीती वाटत नाही म्हणजे मी शूर आहे, की मला काही कळत नाही, हा प्रश्न तेव्हाही मनात होता. अनघाला भीती वाटायची. ओठ पांढरे पडायचे तिचे, तरी ती वर जायचीच. मला ते जास्त मोठं वाटायचं.

तर हिमालयातल्या एका संस्थेत मुलींसाठी बर्फावरच्या गिर्यारोहणाचा कोर्स होता. अनघाच्या आईने सांगितलं, "वंदना बरोबर असेल तर जा. ती मुलगी खमकी आहे." हे अनघाने मला सांगितलं आणि मी घरी येऊन आईच्या कानावर घातलं. वाटलं होतं, आई म्हणेल, हंगामात कुठे निघालीस. मीच म्हणाले, "आई, हंगाम आहे ना पण."

आईने भाकरी तव्यावर टाकली. "हंगाम दरवर्सा येता. तू काय दरवर्सा जातलंस?"

"पण मग तू एकटी..."

"ता दादरचा चेडू वांगडा आसा मा? शिकलेला आसा. मगे जा."

दादरची शिकलेली मुलगी बरोबर आहे ना, मग झालं, असं आईचं म्हणणं. म्हणजे तिच्या घरचे माझ्या भरवशावर तिला पाठवत होते आणि माझ्या घरचे तिच्या भरवशावर मला. आई एवढ्या सहज हो का म्हणाली, याचा मी पुढे कितीतरी वेळा विचार केला. तिला बर्फ बघायचा असेल का? मिरचीच्या हंगामात डोळ्यांना धार लागलेली असताना तिने कधी डोळे मिटून बर्फ आठवला असेल का? विचारायला हवं होतं. तिला विचारलेल्या अशा प्रश्नांना ती "तर काय" एवढंच म्हणायची, म्हणून विचारलं नाही.

तिथे पोचल्यावर मला सगळ्यांत आधी जाणवलं ते हे, की बर्फाला वास नसतो. देवदारांची हद्द संपली, गवत संपलं, दगड संपले आणि आमचे तंबू जिथे लागले तिथे वास असलेली एकच गोष्ट उरली, केरोसिनचा स्टोव्ह. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. जन्मापासून नाकाने घर ओळखणारी मी, आणि इथे नाकाला काही कामच नाही. डोळ्यांचंही तेच. समोरचा उतार जवळ आहे की लांब, चढ आहे की सपाट, पांढऱ्यावर पांढरं काही कळायचं नाही. समोरून येणारी मुलगी ठिपक्याएवढी दिसायची आणि दोन मिनिटांत अंगावर यायची. जेवणाला डाळ, भात आणि बटाटा. सगळ्याला एकच चव, म्हणजे चवच नाही. मी आईने दिलेल्या पुरचुंडीतला मसाला डाळीत टाकायचे आणि अनघाच्या डब्यातही टाकायचे. तिच्या नाकातून पाणी यायचं, पण ती डबा पुढे करायची.

आम्हाला शिकवायला दोरजे सर होते. बुटके, रुंद, उन्हाने चेहऱ्याचं चामडं झालेले. ते फार कमी बोलायचे आणि बोलायचे ते एकदाच. पायात लोखंडी दातांचे सांगाडे बांधायचे, त्याला क्रॅम्पॉन म्हणतात. ते बांधून बदकासारखं फाकून चालायला त्यांनी शिकवलं, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात. बुटाची टाच आपटत उतरायला शिकवलं. आणि मग एका सकाळी आम्हाला उतारावर नेऊन म्हणाले, "आज गिरना सीखेंगे."

बर्फावरून माणूस घसरला की त्याने हातातली कुऱ्हाड छातीखाली धरून तिचं टोक बर्फात रुतवायचं आणि स्वतःला थांबवायचं. त्यासाठी आधी घसरायला हवं. म्हणून आम्ही मुद्दाम घसरायचो. आधी पाय पुढे करून, मग पोटावर, मग डोकं खाली आणि पाठ बर्फावर. या शेवटच्या प्रकारात माझा गोंधळ व्हायचा. आभाळ पायांकडे, उतार डोक्याकडे, आणि कुऱ्हाड कुठल्या हातात, तेच लक्षात यायचं नाही. मी पुन्हा पुन्हा उताराच्या तळाशी जाऊन थांबायचे. सर वरून खाली आले.

"क्या सोच रही थी?"

"सर, राइट हॅन्ड ऊपर की लेफ्ट, वो सोच रही थी."

"सोचो मत. सोचोगी तो नीचे पहुँच जाओगी. हाथ को पता है."

माझ्या हाताला काही पत्ता नव्हता. अनघाच्या हाताला मात्र होता. कातळावर ओठ पांढरे पडणारी ती मुलगी इथे पहिल्याच घसरणीला खाडकन थांबली. मला तिचं कौतुक वाटलं आणि थोडं चमत्कारिकही. सह्याद्रीत मी खमकी होते. इथे आल्यावर आम्ही दोघी एकमेकींच्या जागी उभ्या राहिल्यासारख्या झालो होतो. संध्याकाळी तंबूत ती मला कुऱ्हाड धरायला शिकवायची, स्टोव्हवरच्या चमच्याने. "अगं वंदू, हे डोकं खांद्याशी, आणि हे टोक कमरेशी. बस." मी तो चमचा छातीशी धरून झोपून जायचे.

आता त्या दिवसाचं सांगते. कोर्सच्या शेवटी एका छोट्या शिखरावर सगळ्यांना न्यायचं असतं. पहाटे अंधारातच निघालो. प्रत्येक दोरावर थोडीथोडी माणसं, पण आमचा दोर शेवटचा, म्हणून त्यावर आम्ही तिघंच. सर पुढे, मध्ये मी, मागे अनघा. एवढं आम्हा दोघींना सारखंच आठवतं. उजाडलं तेव्हा आम्ही डोंगराच्या एका रुंद बर्फाळ खांद्यावर होतो आणि खालून ढग वर येत होता. मग तो आमच्यापर्यंत पोचला. पुढच्या दोरांवरच्या मुली दिसेनाशा झाल्या, मग सर दिसेनासे झाले, फक्त माझ्या कमरेतून पुढे जाणारा दोर दिसत राहिला. वर पांढरं, खाली पांढरं. डोकं ठणकत होतं, पण तेवढ्या उंचीवरच्या विरळ हवेत ते तर सगळ्यांचंच ठणकतं. कानात डंख चालू होता. हो, डंख, धप्प, धप्प, धप्प. मला माहीत होतं, की हे माझं हृदय आहे. माहीत होतं, हे मी मुद्दाम सांगते.

मला जे आठवतं ते असं, की मागचा दोर एकदम ताणला गेला आणि मी थांबले. मागे वळून पाहिलं, तर अनघा बर्फात बसली होती. पाय पसरून, गॅलरीत बसावं तशी. मी दोर धरत धरत तिच्यापर्यंत खाली गेले. तिने हातमोजे काढले होते.

मी म्हणाले, "अनघा, मोजे घाल. काय करतेस?"

ती माझ्याकडे बघून हसली. "वंदू, पाऊस येईल. मिरच्या गच्चीवर आहेत ना?"

दादरच्या या मुलीच्या सात पिढ्यांत कुणी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या नव्हत्या. मी तिच्या हातांवर मोजे चढवले, बोटं लाकडासारखी झाली होती. तेवढ्यात सर धुक्यातून खाली आले. त्यांनी आम्हा दोघींच्या चेहऱ्याजवळ येऊन पाहिलं. दोघींना नाव विचारलं. दोघींना बर्फात एका पायापुढे दुसरा पाय ठेवून चालायला लावलं. मी चालले. मला वाटतं, सरळ चालले. मग ते म्हणाले, "इसको नीचे ले जाना है. अभी." आणि हात अनघाकडे केला.

शिखर वर कुठेतरी होतं, दिसत तर नव्हतंच. सरांनी दोर सोडून नव्याने बांधला, कारण उतरताना आजारी माणूस मध्ये हवा आणि सर सगळ्यांत वर, दोघींना पेलायला. म्हणजे सगळ्यांत पुढे, वाट काढायला, मी. टाच आपटत, एकेक पाऊल, समोर काही नाही, नुसतं पांढरं. मी पाऊल टाकायचे आणि तिथे जमीन असायची. प्रत्येक वेळी असायची, याचंच मला नवल वाटत होतं. मी सारखी मागे ओरडून विचारत होते, "आहेस ना?" आणि मागून आवाज येत होता, "आहे." कधीतरी ढगाखाली आलो आणि तंबूंचे रंग दिसले.

बेस कॅम्पवरच्या डॉक्टरांनी दोघींना तपासलं, दोघींना गोळ्या दिल्या आणि आता दोघींनीही वर जायचं नाही म्हणाले. दुपारी बाकीच्या मुली गाणी म्हणत शिखरावरून उतरल्या. आम्ही दोघींनी त्यांना चहा ओतून दिला. अनघाने एकाही मुलीला काही विचारलं नाही. मीही नाही. मला तिची काळजी वाटत होती, कारण स्वप्न तिचं होतं. निघताना दोरजे सरांनी दोघींशी हात मिळवला आणि दोघींच्या मध्ये कुठेतरी बघत म्हणाले, "अच्छा किया." पुढे ते कधी भेटले नाहीत. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की ते संस्था सोडून गावी गेले होते, आणि मग कळलं, की आता ते नाहीत.

परतीच्या गाडीत मी अनघाला खिडकी दिली. ती मधूनच माझ्याकडे बघायची. मथुरेच्या आसपास तिने संत्री घेतली आणि मला एकेक फोड सोलून, बिया काढून द्यायला लागली. मी म्हणाले, "अगं, मी खाईन ना." तर म्हणाली, "राहू दे, घे." मला वाटलं, माझं शिखर हुकलं म्हणून हिला वाईट वाटतंय. मी मुकाट्याने फोडी खाल्ल्या. तिला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढायचं नाही, असं मी तिथे त्या गाडीतच ठरवलं.

घरी आले तेव्हा नाकाची सालं निघालेली, चेहरा काळाठिक्कर, डोळ्यांभोवती काळ्या चष्म्याची दोन पांढरी वर्तुळं. आईने दारातच हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "गो, तोंडाचा काय करून घेतलंस ह्या?" मग तिने खोबरेल लावलं. तिची बोटं नाकाला झोंबली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी थांबेचना. मला रडायला कशामुळे येत होतं, ते मलाही कळत नव्हतं. त्या रात्री उकडा भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी होती. बाबा जेवता जेवता म्हणाले, "शिकलीस?"

"हो."

"काय?"

"पडायला."

बाबांनी मान डोलावली आणि भातात सोलकढी ओतून घेतली. दुसऱ्या दिवशी मी देठं काढायला बसले. हंगाम अजून उरला होता.

त्या दिवसाने मला घडवलं, असं मी पुढे स्वतःलाच सांगत आले. बी.ए. झाल्यावर मी नर्सिंगला गेले. घरात कुणाला अंदाज नव्हता, मलाही नव्हता. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "रक्त बघून घाबरत नाहीस ना?" आणि मला तो ढग आठवला. मनात म्हटलं, जिथे काही दिसत नव्हतं तिथे मी दुसरीला खाली आणलंय. "नाही," मी म्हणाले. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अपघात विभागात मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. एकदम चार-चार माणसं आली, नातेवाईक अंगावर धावून आले, ज्युनियर डॉक्टर रडकुंडीला आले, तरी माझं डोकं ठिकाणावर असायचं. सगळे म्हणायचे, सिस्टर, तुम्ही कशा शांत असता. मी हसायचे. कशा ते मला माहीत होतं.

अनघाशी मैत्री टिकली. तिचं लग्न झालं, फार वाईट झालं, आणि मुलगी लहान असताना ती नवऱ्याचं घर सोडून दादरला आईकडे परत आली. त्या काळात मी ड्यूटी संपवून तिच्याकडे जायचे. तिने एकटीने मीराला वाढवलं, शाळेत नोकरी केली, मुख्याध्यापिका झाली. आम्ही सगळं बोलायचो, फक्त तो दिवस कधी निघाला नाही. निघायला आला की मी विषय बदलायचे. तीही बदलायची. मला वाटायचं, बरोबर आहे, तिला लाज वाटत असणार.

मग मीरा मोठी झाली आणि एक दिवस तिनेही बर्फावरच्या कोर्सला नाव घातलं. मी तिच्यासाठी मसाल्याची पुरचुंडी घेऊन दादरला गेले. अनघाने पोहे केले होते. आम्ही तिघी टेबलाशी बसलो होतो आणि अनघा मुलीला समजावत होती, "पाणी पी, डोकं दुखलं तर लपवू नकोस, आणि बरोबरच्या मुलीवर लक्ष ठेव. आपल्याला काही होतंय हे आपल्याला कळत नाही गं. वंदूमावशीला वर त्रास झाला होता ना, तिला कुठे कळलं होतं."

माझा चमचा हातात तसाच राहिला. "कुणाला?"

"राहू दे," अनघा पटकन म्हणाली. "मी उगाच काढलं."

"नाही, कुणाला त्रास झाला होता?"

मीरा आमच्याकडे आळीपाळीने बघायला लागली. अनघाने चष्मा काढून पुसला. मग ती हळू आवाजात, माझी समजूत काढावी तशी, म्हणाली, "वंदू, तू बसली होतीस बर्फात. मोजे काढून. मला विचारत होतीस, पाऊस येईल, मिरच्या गच्चीवर आहेत ना. मी माझे मोजे काढून तुला घातले. हे बघ." तिने उजवा हात पुढे केला. तिच्या दोन बोटांची टोकं थंडीत पांढरी पडतात, हे मला माहीत होतं. माझ्या लेखी तो माझाच पुरावा होता.

"मोजे तू काढले होतेस म्हणून तुझी बोटं अशी झाली," मी म्हणाले. "मिरच्यांचं तू बोललीस."

"मी? मिरच्यांचं?"

ते वाक्य तर माझंच वाटतं, कुणालाही वाटेल. मी म्हणाले, "सरांनी दोर सोडून परत बांधला. तुला मध्ये घेतलं. मी पुढे होते."

"दोर सोडलाच नाही. तू आधीपासून मध्येच होतीस. सर वर, मी खाली. सोडायची गरजच नव्हती. पुढे मी होते, वंदू. सारखी मागे ओरडून विचारत होते, आहेस ना."

मीरा म्हणाली, "थांबा, थांबा. नक्की कोण आजारी होतं?"

"ही," आम्ही दोघी एकदम म्हणालो. मीरा हसली, आम्हालाही हसू आलं.

मी नर्स आहे. ऑक्सिजन कमी पडलेला माणूस किती ठामपणे बोलतो, हे मी कितीदा पाहिलंय. त्याला स्वतःचं सगळं सरळ दिसतं आणि समोरचा तेवढा वेडा वाटतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर मलाच बेडवर झोपायला सांगितलं होतं, म्हणाले, "तुम्हाला बरं नाही, बाई, डॉक्टर आत्ता येतील." म्हणजे माझ्या खात्रीला काही किंमत नाही. पण तिच्या खात्रीलाही नाही. संत्र्याच्या फोडी आठवल्या. ती मला आजारी माणसाला भरवावं तशी भरवत होती. आणि मी तिला खिडकी दिली होती, तीही आजारी माणसाला द्यावी तशीच. इतकी वर्षं मी तिची लाज राखत होते आणि ती माझी. कधी वाटतं, दोघींनाही झाला असेल त्रास, आणि दोरजे सरांनी दोघींनाही खाली आणलं असेल. पण मग पुढे कोण होतं? कुणीतरी होतं. कुणीतरी त्या पांढऱ्यात पाऊल टाकत होतं.

त्या संध्याकाळी अनघा मला दारापर्यंत सोडायला आली. मी चपला घालत होते. ती दाराला टेकून उभी होती आणि आत मीराच्या बॅगेच्या चेनचा आवाज येत होता.

"वंदू," ती म्हणाली, "घर सोडलं तेव्हा मीरा माझ्या कडेवर होती. जिना उतरताना मी स्वतःला म्हटलं, तू एकीला त्या ढगातून खाली आणलं आहेस, हिलाही नेशील. आता तू म्हणतेस, ते मी नव्हतेच."

"मी पण सगळी नोकरी त्याच्यावरच केली," मी म्हणाले.

मग ती म्हणाली, "तू ते आठवणींचं लिहिते आहेस ना? असं कर. मी आजारी होते, असं लिहून टाक. माझी काही हरकत नाही."

"तुला तसं आठवतं?"

"नाही."

"मग नाही लिहिणार."

"मग काय लिहिशील?"

मी विचार केला. "एकीला त्रास झाला आणि दुसरीने तिला खाली आणलं. एवढं."

तिने मान हलवली. "हे बरोबर आहे." मी दोन पायऱ्या उतरले असेन, तेव्हा तिचा आवाज आला. "पण त्रास झालेली ती तूच होतीस हं."

मी वर पाहिलं. जिन्यातला दिवा गेलेला होता, त्यामुळे ती हसत होती की नाही, ते मला दिसलं नाही.